किती मिनिटांत? आपला रेल्वेमार्ग, त्याचे सिग्नल आणि इंडिकेटर

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली २००० साली. त्या वर्षी डोंबिवलीच्या फलाटावरचा इंडिकेटर आपल्याला चार गोष्टी सांगायचा: गाडी कुठवर जाणार, जलद की धीमी, डबे नऊ की बारा आणि वेळापत्रकातली वेळ. ‘८.१४’ लागलेलं असलं की ८.१४ ची गाडी अजून यायची आहे, एवढंच कळायचं. मग घड्याळात ८.२५ का झालेले असेनात. आज त्याच फलाटावर ‘३ मिनिटं’ असं दिसतं आणि बहुतेक वेळा गाडी तेवढ्यात येते. पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीला दोनदा रंग लागला, लिफ्ट बदलली, गच्चीची गळती एकदाची थांबली. त्याचा वृत्तांत याच स्मरणिकेत दुसरीकडे आहे. पण आपल्यातल्या निम्म्याहून अधिक घरांचं आयुष्य ज्या रुळांवर गेलं, तिथं काय बदललं आणि काय बदलायचं राहिलं, तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं मला वाटलं.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. त्यामुळे लिफ्टमध्ये किंवा पाण्याच्या टँकरची वाट बघताना “काका, आज काय हो? परत सिग्नल फेल?” हा प्रश्न मला ठरलेला. निवृत्त झालो तरी तो सुटलेला नाही. जणू शेवटच्या दिवशी मी पिशवीत घालून सिग्नल घरीच आणला! तर या लेखाच्या निमित्तानं सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. ती आपल्या बाजूला, म्हणजे कल्याणपर्यंत आली १ मे १८५४ रोजी. पुढं गाड्या वाढल्या तसे खांबावरच्या हाताचे सिग्नल आले. हात आडवा असला तर थांबा, खाली झुकला तर चला. आपल्याकडं अजून कुणी कुणी म्हणतं ना, “सिग्नल पडला, गाडी आली,” ते तेव्हापासूनचं. खरोखरच तो हात पडायचा. गंमत अशी, की आता सिग्नल पडत नाही, उजळतो. पण आपल्या तोंडातला अजून पडतोच आहे.

हाताच्या सिग्नलमागं माणूस होता. एका केबिनमधला माणूस पुढच्या केबिनला घंटेनं विचारणार, तिकडून होकार आला की तरफ ओढणार. दिवसात मोजक्या गाड्या असतील तोवर हे चालतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून विजेची पहिली गाडी निघाली आणि हिशेब बदलला. विजेची गाडी चटकन वेग घेते, चटकन थांबते. ती एकीमागं एक सोडता येते. पण घंटा वाजवून परवानगी मागायला जो वेळ जातो तो काही कमी होत नाही. म्हणून १९२८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेनं व्हीटी ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसवले. देशातले ते पहिले. माणसाऐवजी गाडीच स्वतःच्या मागचा सिग्नल लाल करू लागली.

हे कसं होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इंडिकेटरवरची मिनिटं इथूनच निघतात. रुळांचे काही शे मीटरचे तुकडे केलेले असतात आणि एक तुकडा दुसऱ्यापासून विजेच्या दृष्टीनं तोडलेला असतो. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही रुळांत अगदी थोडा विद्युतप्रवाह सोडतात. दुसऱ्या टोकाला एक रिले असतो. रूळ मोकळा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि तो उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १८७२ मध्ये हे शोधलं आणि दीडशे वर्षांनंतरही आपण त्याच्यावरच विसंबून आहोत. या युक्तीतली खुबी अशी, की रिले उचलून धरायला वीज लागते, पाडायला काहीच लागत नाही. तार तुटली, रूळ तुटला, वीज गेली, तरी तो पडतोच. म्हणजे काहीही बिघडलं तरी सिग्नल लालच होणार.

तेव्हा मंडळी, ‘सिग्नल फेल’ म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो तो बिचारा त्या क्षणी आपलं काम चोख बजावत असतो. पावसाळ्यात रुळांत पाणी भरलं की पाणीच दोन्ही रुळांना जोडतं. रिलेला वाटतं गाडी उभी आहे. तुकडा रिकामा, पण सिग्नल लाल. मग मागून येणाऱ्या गाडीनं काय करायचं? आपल्या मार्गावर ज्या सिग्नलच्या खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ असतो, तो स्वयंचलित सिग्नल. तो लाल असला तर मोटरमननं दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग पुढं अडथळा असेल असं धरून, अगदी हळू, पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं. प्रत्येक खांबापाशी हेच. पावसात एकामागं एक दिव्यांची माळ लागल्यासारख्या गाड्या रांगत येतात त्या यामुळं. आत घामाघूम झालेल्या माणसाला वाटतं मोटरमन झोपला! खरं तर त्या वेळी तो सगळ्यात जास्त जागा असतो. तशात लाल सिग्नल चुकून ओलांडलाच तर गाडीचा ब्रेक आपोआप लागावा म्हणून ऑक्झिलियरी वॉर्निंग सिस्टिमही आपल्या लोकलमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे.

२६ जुलै २००५ ला मात्र हे सगळं संपलं होतं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रांगण्यापुरताही रूळ दिसत नव्हता. आपल्या सोसायटीला तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि रुळांवरून चालत आलेली माणसं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येतच होती. त्या रात्री कुठल्याच इंडिकेटरचा कुणाला उपयोग नव्हता. लोक विचारत होते ते एकमेकांना.

आता आपल्या पंचवीस वर्षांकडं येतो. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्यानंतरच्या दशकात ट्रेन मॅनेजमेंट सिस्टिम आली, आमच्या भाषेत टीएमएस. ट्रॅक सर्किटं तर आधीपासून होतीच. पण कुठला तुकडा भरलेला आहे हे त्या-त्या केबिनला कळायचं, पुढं कुठं जायचं नाही. टीएमएसनं ही माहिती एकत्र करून नियंत्रण कक्षातल्या भल्यामोठ्या पडद्यावर आणली. कोणती गाडी कुठल्या तुकड्यात आहे, वेळापत्रकापेक्षा किती मागं आहे, हे तिथं दिसू लागलं आणि तीच माहिती फलाटावरच्या इंडिकेटरला मिळू लागली. वेळापत्रकातल्या वेळेऐवजी ‘किती मिनिटांत’ आलं ते असं. जिथवर ही यंत्रणा आहे तिथवरच तो आकडा भरवशाचा. गाडी त्याच्या पलीकडे कुठं रखडली असेल तर इंडिकेटर बिचारा वेळापत्रकावरूनच अंदाज बांधणार.

बदल वरवर छोटा आहे, पण त्यानं आपली भाषा बदलली, हे तुमच्या लक्षात आलंय का? पूर्वी प्रत्येकाची एक गाडी असायची. “मी आठ सत्तेचाळीसचा,” असं लोक गोत्र सांगितल्यासारखं सांगत. त्या गाडीत ग्रुप, ग्रुपमध्ये भजन, पत्ते, वाढदिवसाचा वडापाव. ती गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी आठ सत्तेचाळीसचीच. आजची मुलं म्हणतात, “पुढची दोन मिनिटांत आहे.” गाडीला नाव उरलं नाही, नुसतं अंतर उरलं. मला याचं फार वाईट वाटत नाही. ज्यांचा ग्रुप होता त्यांना विंडो सीट होती. ज्यांचा नव्हता ते दारात लटकत होते. आणि इंडिकेटर हा शब्द मुंबईच्या माणसाच्या जिभेवर इतका बसला, की २०१० च्या सुमाराला सचिन टेके यांनी मोबाइलवर लोकलचं वेळापत्रक आणलं तेव्हा त्याचं नाव एम-इंडिकेटरच ठेवलं. २०२२ पासून मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर लोकल कुठं आहे हेही दिसतं. आता घरातून निघायचं की चहा प्यायचा, हे बाल्कनीत उभं राहून ठरवता येतं.

अर्थात यंत्राआधीही माहिती होतीच. पावसाळ्यातल्या अंधारात वाकून रुळावर चकाकी दिसते का बघणारे, फलाटाच्या टोकाचा सिग्नल पिवळा झाला की पिशवी खांद्यावर घेणारे, हे आमच्या पिढीचे इंडिकेटर. महिलांच्या डब्यासाठी फलाटावर रंगवलेले हिरवे-पिवळे पट्टे आणि पहिल्या वर्गाचे लाल-पिवळे पट्टे, ही तर मला सगळ्यात हुशार यंत्रणा वाटते. तिला वीज लागत नाही आणि ती कधी फेल होत नाही.

निवेदनाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा निवेदक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून माइकवर लोकांना स्टेशनबाहेर निघून जायला सांगितलं आणि ते सांगतच राहिले. आपल्यातलेही कितीजण रोज त्या वेळी तिथून गाडी पकडत असतील. गाडी किती मिनिटांत येणार हे सांगण्यासाठी असलेला तो माइक त्या रात्री वेगळ्याच कामी आला.

२०१५ च्या जूनमधल्या एका बदलाकडं बहुतेकांचं लक्षच गेलं नाही. १९२५ पासून आपल्या गाड्या १५०० व्होल्ट डीसी विजेवर चालत होत्या. त्या टप्प्याटप्प्यानं २५,००० व्होल्ट एसीवर आल्या आणि त्या महिन्यात मुख्य मार्गाचा शेवटचा टप्पा सीएसटीपर्यंत पूर्ण झाला. लोकांना वाटलं, वरची तार बदलली. पण गाडी ओढून झाल्यावर ती वीज परत जाते रुळांतूनच, आणि आमचं ट्रॅक सर्किटही त्याच रुळांत. गाडीची प्रचंड वीज आणि सिग्नलची चिमूटभर वीज एकाच वाटेनं जाणार, आणि तरी रिलेनं फक्त आपलीच ओळखायची! त्यामुळं वीज बदलायची म्हणजे सिग्नलची बाजूही तिला जुळेल अशी करून घ्यावी लागते, आणि हे काम करायला वेळ मिळतो तो फक्त रात्रीचे दोन-तीन तास. किंवा मग रविवारचा मेगाब्लॉक. आपल्या वार्षिक सभेला कोरम भरतो त्याचं निम्मं श्रेय मेगाब्लॉकला आहे, असं मी दरवर्षी म्हणतो आणि चेअरमन दरवर्षी हसतात. पण खरंच, रविवारी गाड्या कमी करून जे काम होतं त्यावरच सोमवारचा इंडिकेटर खरं बोलतो. २०२४ मध्ये मे संपता संपता ठाण्याला ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक झाला, तेव्हा तर शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. ठाण्याचा फलाट रुंद झाला, सीएसएमटीचे फलाट लांबले आणि तिथं रिलेच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आलं.

१८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. मेल-एक्स्प्रेसना वेगळी वाट मिळाली आणि आपल्या जलद गाड्या १९१६ च्या पारसिक बोगद्याऐवजी मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. बोगद्यातला तो एक-दीड मिनिटाचा काळोख आणि डब्यातल्या मुलांची आरोळी गेली. असो.

आता मूळ मुद्दा. इंडिकेटरवर ‘१ मिनिट’ लागतं आणि मग ते एक मिनिट चार मिनिटं टिकतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोक म्हणतात, इंडिकेटर खोटारडा. तो खोटारडा नाही, त्याला तेवढंच दिसतं. आपल्या गेटवरच्या वॉचमनची वही घ्या. तुम्ही आत आलात याची नोंद तिच्यात असते. तुम्ही जिन्यात आहात, दारात आहात की पार्किंगमध्ये शेजाऱ्याशी गप्पा मारताय, हे वहीला कळत नाही. ट्रॅक सर्किटचंही तसंच. तुकड्यात कुणीतरी आहे, एवढंच ते सांगतं. कुठं आहे, चालतंय की उभं आहे, हे सांगत नाही. आणि ते माहीत नसल्यामुळं मागच्या गाडीला अख्खे तुकडेच्या तुकडे मोकळे ठेवून लांब उभं राहावं लागतं. आपल्या मार्गावर गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत साधारण तीन मिनिटांचं अंतर राहतं ते यामुळं.

यावरचा उपाय म्हणजे सीबीटीसी, रेडिओवर चालणारी सिग्नल यंत्रणा. हिच्यात गाडीच सतत सांगत असते की मी इथं आहे, माझा वेग इतका आहे. मग मागच्या गाडीला ठराविक खांबापाशी नाही, तर पुढच्या गाडीच्या शेपटीपासून सुरक्षित अंतरावर थांबायचं असतं आणि ते अंतर गाडीबरोबर सरकत जातं. तीनऐवजी दोन मिनिटांनी गाडी सोडता येते. तासाला वीसच्या ठिकाणी तीस, नवा रूळ न टाकता. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एमयूटीपी ३-ए ला मंजुरी दिली, त्यात सीएसएमटी-कल्याण, चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-पनवेल या तिन्ही मार्गांसाठी सीबीटीसी होती. आपल्या मार्गावर ती अजून बसलेली नाही. मुंबईतच भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि ती पहिल्या दिवसापासून याच पद्धतीवर चालते. नव्या मार्गावर नवं यंत्र बसवणं सोपं असतं हे मला मान्य आहे. रोज सुमारे १,८०० फेऱ्या चालू ठेवून मध्य रेल्वेला ते रात्रीच्या दोन-तीन तासांत बसवायचं आहे. तरीही सहा वर्षं हा फार मोठा काळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हा प्रश्न सोयीचा नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्या दिवशी चौघं गेले. त्या सकाळी आपल्या सोसायटीत काय चाललं होतं ते मी सांगायला नको. प्रत्येक मजल्यावर फोन लावणं चालू होतं आणि ज्याचा लागत नव्हता त्याच्या दारात शेजारी उभे होते. माणूस दारात लटकतो ते हौसेनं नाही. ही सोडली तर पुढची कधी येईल आणि तिच्यात पाय ठेवायला जागा असेल का, याचा भरवसा नसतो म्हणून लटकतो. दोन मिनिटांनी नक्की गाडी येणार आणि तीही याहून थोडी मोकळी, असं इंडिकेटर सांगू लागला आणि ते चार-सहा महिने रोज खरं ठरलं, तर हात सैल पडेल.

नुसत्या सिग्नलनं हे होणार नाही, हेही सांगतो, नाहीतर खात्याचा माणूस म्हणून खात्याची टिमकी वाजवली असं व्हायचं. दोन मिनिटांनी गाड्या सोडायच्या तर शेवटच्या स्टेशनात त्या वळवायला फलाट हवेत, जास्तीचे रेक हवेत, आणि मधल्या स्टेशनांत माणसं वीस-तीस सेकंदांत चढली-उतरली पाहिजेत. पूल आणि जिने अरुंद असतील तर गाड्या वाढवून गर्दी नुसती फलाटावर आणून ओतायची. मुंब्र्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली, ती योग्यच आहे. पण दार बंद झालं आणि गाड्या तेवढ्याच राहिल्या, तर जो आज लटकतो तो उद्या फलाटावर राहील. दार आणि सिग्नल ही जोडीनं यायची गोष्ट आहे.

इकडं कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो-१२ चं काम चाललंय, ते येता-जाता दिसतंच. कल्याणहून डोंबिवलीमार्गे तळोज्याला जाणारी ही मेट्रो झाली की आपल्या काही मुलांना मुंबईची गाडी पकडायचीच गरज उरणार नाही. बाकीच्यांना ८.१४ आहेच, नाव गेलं तरी. इंडिकेटरवरचं एक मिनिट संपेना झालं, की पुढच्या तुकड्यात कुणीतरी उभं आहे असं समजा आणि पूल उतरून रुळांवरून जाऊ नका. आणखी काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मी बी विंगसमोरच्या बाकावर असतो. फक्त लिफ्टमध्ये विचारू नका, चौथा मजला येईपर्यंत ट्रॅक सर्किट समजावून होत नाही.